मूळ उपटून पाहा : स्ट्रॉबेरीच्या मूळरोगांची शंभर वर्षे

आमच्या प्रयोगशाळेत शेतकरी आजारी रोपे घेऊन येतात. पिशवी उघडली की बहुतेक वेळा तिच्यातून निघतात सुकलेली पाने आणि वाळलेल्या फांद्या. मुळे शेतातच राहिलेली असतात. "मुळे कुठे आहेत?" असे विचारले की उत्तर मिळते, "रोग तर पानाला हाय ना, साहेब!" त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे नाही. रोग पानावर दिसतो हे खरेच. पण दिसतो तिथेच तो असतो असे नाही.

जमिनीत ओल पुरेशी असताना रोप सुकू लागले, तर पाणी आणून देणाऱ्या यंत्रणेत कुठेतरी बिघाड झाला आहे हे उघड आहे. ही यंत्रणा म्हणजे मूळ. पण मूळ मातीखाली असते, आणि जे दिसत नाही त्याच्याविषयी माणूस अंदाज बांधतो. 'जमीन थकली', 'खत कमी पडले', 'पाऊस लागला', 'हवा बदलली' ही निदाने आपण सर्वांनी ऐकली आहेत. काही वेळा ती बरोबरही असतात. मुळांचे रोग मात्र या अंदाजांआड वर्षानुवर्षे लपून राहतात.

हे रोग ओळखायला माणूस कसा शिकला, मध्येच ओळखण्याचा कंटाळा कसा केला आणि त्याची किंमत काय मोजली, याची एक बोधप्रद कहाणी स्ट्रॉबेरीच्या पिकात सापडते. तिचा पहिला भाग स्कॉटलंडमध्ये घडला, दुसरा अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात. कहाणी परदेशातली असली तरी तिच्यातली पात्रे आपल्या शेतात आहेत, हे शेवटी ध्यानात येईल.

लॅनार्कशरचा रोग

स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहराजवळून क्लाईड नावाची नदी वाहते. तिचे खोरे लॅनार्कशर परगण्यात येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे खोरे स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध होते. ताजी फळे शहरात जात आणि उरलेली मुरंबा बनविणाऱ्या कारखान्यांत. १९२० च्या सुमारास या शेतांत एक विचित्र प्रकार दिसू लागला. वसंत ऋतूत रोपे खुरटी राहत, कोवळी पाने निळसर हिरवी दिसत आणि फळे धरण्याच्या वेळी, पाण्याची गरज सर्वांत जास्त असताना, रोपे माना टाकत. सखल आणि पाणी साचणाऱ्या भागात नुकसान अधिक होई. दरवर्षी आजारी पट्टे रुंदावत गेले. कारण कोणालाच सांगता येईना. म्हणून लोकांनी त्याला जागेचेच नाव दिले, 'लॅनार्कशरचा रोग'.

हे कोडे सोडविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे त्या नोरा लिलियन आल्कॉक यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. त्यांचा जन्म १८७४ चा. त्यांचे वडील सर जॉन स्कॉट हे १८८० च्या दशकात मुंबईच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि पुढे इजिप्तमध्ये न्यायविषयक सल्लागार झाले. नोराबाईंचे पती शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. १९१३ साली त्यांचे निधन झाले आणि चार मुलांची जबाबदारी बाईंवर आली. त्या ब्रिटनमध्ये परतल्या, क्यू येथील वनस्पतिरोगांच्या प्रयोगशाळेत काम करू लागल्या आणि १९२४ साली स्कॉटलंडच्या शेती खात्यात दाखल झाल्या. स्कॉटलंडमध्ये सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ म्हणून नेमलेली ही पहिली व्यक्ती. त्या काळी अशा जागी स्त्री असणे हीच नवलाची गोष्ट होती.

खुनी कोण आणि उपरे कोण?

लॅनार्कशरची आजारी रोपे मुळांसकट उपटली, की पहिली खूण दिसते. निरोगी स्ट्रॉबेरीच्या मुळांना बारीक उपमुळांची झालर असते. आजारी रोपात ही झालर कुजून गेलेली असते आणि मुख्य मुळे उंदराच्या शेपटीसारखी बोडकी दिसतात. दुसरी खूण पाहण्यासाठी मूळ उभे चिरावे लागते. मुळाच्या मध्यभागी पाणी आणि अन्न वाहून नेणाऱ्या नलिकांचा एक दांडा असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला रंभ म्हणतात. निरोगी मुळात तो पांढरट असतो. या रोगात बाहेरची साल पांढरी असतानाच आतला दांडा लालसर होतो. म्हणूनच पुढे या रोगाला 'लाल गाभा' असे नाव पडले. एका नखाने सोलून पाहता येण्याजोगी ही खूण आहे, पण मूळ उपटून चिरल्याशिवाय ती कोणालाच दिसत नाही.

लाल गाभा दिसला म्हणजे कारण सापडले असे मात्र नाही. येथे मूळरोगांच्या अभ्यासातली खरी अडचण सुरू होते. कुजलेल्या मुळाचा तुकडा पोषक माध्यमावर ठेवला तर त्यातून एकच बुरशी उगवत नाही, पाच-सहा प्रकारच्या उगवतात. मातीत मेलेल्या मुळावर ताव मारणारे असंख्य जीव असतात. मेलेल्या जनावरावर गिधाडे जमतात, म्हणून जनावर गिधाडांनी मारले असे आपण म्हणत नाही. प्रयोगशाळेत मात्र ही चूक सहज होते, कारण गिधाडे भराभर वाढतात आणि मूळ मारेकरी हळू वाढतो. लाल गाभ्याचा जंतू असाच अत्यंत मंद वाढणारा आहे. बाकीच्या बुरश्या त्याला झाकून टाकतात.

अशा वेळी कसोटी लागते ती रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमांची. संशयित जंतू प्रत्येक आजारी रोपात सापडला पाहिजे, तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता आला पाहिजे, निरोगी रोपाला दिल्यावर तोच रोग झाला पाहिजे आणि त्या नव्या रोग्यातून तोच जंतू पुन्हा मिळाला पाहिजे. मुळांच्या बाबतीत हे चारही टप्पे पार पाडणे किती जिकिरीचे असते, हे या क्षेत्रात काम करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे.

सूक्ष्मदर्शकाखाली आजारी मुळांच्या लाल गाभ्यात जाड कवचाचे गोल बीजाणू दिसत होते. १९३० साली आल्कॉकबाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगावर लेख प्रसिद्ध केला आणि बोट दाखवले ते फायटॉप्थोरा या प्रजातीकडे. १९४० साली हिकमन या शास्त्रज्ञाने या जंतूचे रीतसर वर्णन करून त्याला 'फायटॉप्थोरा फ्रागारी' हे नाव दिले. रोग दिसल्यापासून गुन्हेगाराचे नाव नोंदले जाईपर्यंत सुमारे वीस वर्षे गेली.

बुरशीसारखा, पण बुरशी नव्हे

फायटॉप्थोरा हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आन्टोन द बारी यांनी १८७६ साली दिलेले. त्याचा अर्थ 'वनस्पतींचा नाश करणारा'. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून भीषण दुष्काळ आणणारा करपा याच प्रजातीतला. विदर्भातल्या संत्राबागांत खोडातून डिंक गळतो आणि मुळे कुजतात, तो 'डिंक्या' रोगही याच कुळातल्या जातींमुळे होतो.

हा जंतू बुरशीसारखा तंतुमय वाढतो, म्हणून फार काळ त्याला बुरशीच मानले गेले. आजही शेतीच्या पुस्तकांत तो बुरशीजन्य रोगांच्या प्रकरणातच येतो. पण त्याच्या पेशीभित्तिका मुख्यतः सेल्युलोजसारख्या द्रव्यांच्या असतात, खऱ्या बुरशीप्रमाणे कायटिनच्या नव्हेत. त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे समुद्रातील तपकिरी शैवाले. आणि शैवालाच्या या नातेवाइकाला पाणी प्रिय असावे हे ओघानेच आले. जमीन पाण्याने भरली, की त्याच्या थैल्यांतून दोन शेपट्यांचे चलबीजाणू बाहेर पडतात आणि मातीच्या कणांमधल्या पाण्यात पोहत मुळाच्या टोकापर्यंत पोहोचतात. जाड कवचाचे बीजाणू मात्र पीक काढून टाकल्यावरही मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात.

वर्गीकरणाची ही चर्चा केवळ पुस्तकी नाही. खऱ्या बुरशीवर चालणारे कार्बेन्डाझिम फायटॉप्थोरावर चालत नाही. उलट १९७० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलेले मेटॅलॅक्झिल फायटॉप्थोरावर चालते, खऱ्या बुरशीवर नाही. ओळख चुकली तर औषध चुकते, पैसा वाया जातो आणि रोप मरते ते मरतेच.

नाव कळल्यावर उपायांनाही दिशा मिळाली. पाणी साचू न देणे, उंच गादीवाफे करणे आणि रोगट शेतातली रोपे लागवडीसाठी न वापरणे हे पहिले उपाय. स्ट्रॉबेरीची लागवड बियांपासून होत नाही, तर मातृरोपाला फुटणाऱ्या धावत्या फांद्यांपासून होते. शेतकरी त्यांना 'रनर' म्हणतात. एका आजारी मातृरोपापासून शेकडो रोपे, आणि त्यांच्या मुळांना चिकटलेल्या मातीतून नव्या शेतात रोग. लॅनार्कशरचा रोग लॅनार्कशरबाहेर पसरला तो मुख्यतः रोपांबरोबर.

प्रतिकारक्षम वाण आणि त्याची मर्यादा

दुसरा उपाय प्रतिकारक्षम वाण शोधण्याचा. या कामासाठी आल्कॉकबाईंना १९३५ साली ब्रिटिश सरकारने सन्मान दिला. पुढे रॉबर्ट रीड या पैदासकाराने ऑकिनक्रूव्ह येथे 'ॲबर्डीन' नावाच्या अमेरिकन वाणाचा प्रतिकारगुण घेऊन नवे वाण तयार केले. त्यांपैकी 'ऑकिनक्रूव्ह क्लायमॅक्स' १९४० च्या दशकाच्या अखेरीस शेतकऱ्यांच्या हाती आला आणि झपाट्याने सर्वत्र पसरला. लाल गाभ्याने उजाड झालेल्या शेतांत पुन्हा स्ट्रॉबेरी दिसू लागली.

हा आनंद फार टिकला नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या वाणाची पाने जून महिन्याच्या सुमारास पिवळी पडू लागली. हा दोष लाल गाभ्याचा नव्हता, वाणाच्या अंगातलाच होता, आणि रनरमधून तो प्रत्येक नव्या रोपात जात होता. वाण सोडून द्यावा लागला. एका वाणावर सगळी शेती उभी केली म्हणजे काय होते, याचा हा धडा होता. रीड यांचे पुढचे वाण, उदाहरणार्थ 'रेडगॉन्टलेट', आले आणि पुष्कळ वर्षे टिकले. पण तोवर दुसरी अडचण स्पष्ट झाली होती. फायटॉप्थोराचेही अनेक वंश होते. एका वंशाला दाद न देणारा वाण दुसऱ्या वंशापुढे हात टेकत होता. कुलूप बदलले की नवी किल्ली असलेला चोर पुढे येतो, तसा हा प्रकार. वाणातील प्रतिकाराची जनुके आणि जंतूच्या वंशांतील जनुके यांची जोडी जुळवून दाखविण्याचे काम नेदरलंड्समध्ये १९९० च्या दशकात झाले.

जुनी चूक पुन्हा कशी होते याचे उदाहरण स्ट्रॉबेरीच्या भाऊबंदांतच आहे. रास्पबेरीची झुडपे ओल्या जमिनीत मरत, तेव्हा 'पाय ओले राहिले म्हणून मेली' किंवा 'थंडी बाधली' असे निदान अनेक वर्षे केले जाई. १९८० च्या दशकात अमेरिकेत आणि युरोपात मुळे बारकाईने तपासल्यावर तेथेही फायटॉप्थोराच निघाला. १९९३ साली त्याला स्ट्रॉबेरीच्या जंतूचा एक प्रकार म्हणून नाव मिळाले आणि २००७ साली स्वतंत्र जातीचा दर्जा. ओले पाय हे कारण नव्हते, तर कारणाला मिळालेली संधी होती.

कॅलिफोर्नियातला दुसरा मार्ग

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे जाऊ. कॅलिफोर्नियाचा किनारा कोरडा आणि उबदार. तेथे लाल गाभ्यापेक्षा मोठा शत्रू होता 'व्हर्टिसिलियम' ही खरी बुरशी. ती मुळातून आत शिरते, पाणी नेणाऱ्या नलिकांत वाढते आणि त्या तुंबवते. रोपाची बाहेरची पाने वाळतात, आतली लहान पाने मात्र हिरवी राहतात. टोमॅटो, बटाटा, कपाशी अशा शेकडो वनस्पतींवर ती जगते, आणि यजमान नसला तर काळ्या, सूक्ष्म, कठीण गोळ्यांच्या रूपात मातीत दहा-बारा वर्षे वाट पाहते. १९३२ साली हॅरॉल्ड थॉमस यांनी स्ट्रॉबेरीवरील या रोगाचे सविस्तर वर्णन केले. टोमॅटोनंतर स्ट्रॉबेरी लावली की मर होते, हे शेतकऱ्यांच्याही अनुभवाला आले होते.

प्रतिकारक्षम वाण शोधण्याचे प्रयत्न येथेही झाले, पण पुरेसे यश मिळेना. मग बर्कली विद्यापीठातील स्टीफन विल्हेल्म यांनी वेगळी वाट धरली. रोपाला बळकट करता येत नसेल, तर मातीतला शत्रूच मारावा. त्यासाठी त्यांनी निवडला क्लोरोपिक्रिन हा वायुरूप होणारा द्रव. तो १८४८ साली जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने तयार केला होता आणि पहिल्या महायुद्धात सैनिकांविरुद्ध वापरला गेला होता. १९५० च्या दशकात विल्हेल्म आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की लागवडीआधी तो मातीत योग्य रीतीने सोडला तर व्हर्टिसिलियमचे गोळे मरतात. १९६१ साली त्यांनी क्लोरोपिक्रिन आणि मिथिल ब्रोमाइड यांच्या मिश्रणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मिथिल ब्रोमाइड मातीत खोलवर शिरते आणि तणांचे बीही मारते. यंत्राने वायू मातीत सोडायचा, लगेच प्लॅस्टिकचे कापड अंथरायचे, काही दिवसांनी ते काढून लागवड करायची, अशी पद्धत १९६० च्या दशकात रूढ झाली.

परिणाम थक्क करणारा होता. ज्या शेतात व्हर्टिसिलियमचा उपद्रव नव्हता, तेथेही धुरी दिल्यावर रोपे जोमाने वाढली. बारीक मुळे हळूहळू खाणाऱ्या अनेक किरकोळ बुरश्याही या वायूने मरत होत्या. त्या प्रत्येकीचे नाव, स्वभाव आणि प्रमाण शोधण्याची गरजच उरली नाही. एकाच जमिनीत वर्षामागून वर्षे स्ट्रॉबेरी घेता येऊ लागली. अधिक उत्पादन देणारे नवे वाण, ठिबक सिंचन आणि निर्जंतुक माती यांच्या बळावर कॅलिफोर्निया हा जगातील स्ट्रॉबेरीचा एक प्रमुख प्रदेश बनला.

येथे इतिहासाने एक बारीक वळण घेतले. स्कॉटलंडमध्ये प्रश्न होता 'मातीत कोण आहे?'. कॅलिफोर्नियात तो प्रश्न विचारण्याची निकड संपली. मातीत कोणी का असेना, वायू सर्वांनाच मारत होता. पैदासकारांनाही रोगप्रतिकाराकडे पाहण्याचे कारण उरले नाही. धुरी दिलेल्या स्वच्छ मातीत जो वाण जास्त फळे देईल तो उत्तम ठरला.

वायूची किंमत

मिथिल ब्रोमाइडला रंग नाही आणि जवळजवळ वासही नाही. ते माणसालाही विषारी आहे, म्हणून डोळ्यांत पाणी आणणारे क्लोरोपिक्रिन त्यात मिसळलेले असणे हा कामगारांसाठी एक इशाराही होता. प्लॅस्टिक अंथरले तरी वायूचा बराच भाग शेवटी हवेत जात होता. हा वायू स्थितांबरात पोहोचला, की त्यातील ब्रोमीन सुटा होतो आणि ओझोनचा नाश करतो. अणूला अणू तोलला, तर या कामात ब्रोमीन क्लोरीनपेक्षा सुमारे ६० पट प्रभावी आहे.

ओझोन वाचविण्यासाठी १९८७ साली मॉन्ट्रियल करार झाला. १९९२ साली कोपनहेगनच्या बैठकीत मिथिल ब्रोमाइडचा समावेश त्यात करण्यात आला. विकसित देशांनी त्याचा शेतीतील वापर २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत थांबवावा असे ठरले. कॅलिफोर्नियाच्या स्ट्रॉबेरी शेतीला 'दुसरा पर्याय नाही' या कारणाने दरवर्षी सवलत मिळत राहिली, आणि ती २०१६ नंतर संपली. निर्यातीचे धान्य, लाकूड इत्यादींच्या धुरीसाठी या वायूचा वापर करायला करारात अजूनही मुभा आहे. शेतीतला वापर घटत गेला तसे हवेतले मिथिल ब्रोमाइडचे प्रमाणही १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून कमी होत गेले. हा वायू हवेत वर्षभरही टिकत नाही, त्यामुळे माणसाने हात आखडता घेतल्याचा परिणाम लगेच दिसला. विज्ञान आणि आंतरराष्ट्रीय करार यांच्या यशाचे हे उदाहरण विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.

पर्याय म्हणून दुसरा वायू आणण्याचा प्रयत्न झाला. मिथिल आयोडाइडला अमेरिकेत २००७ साली आणि कॅलिफोर्नियात डिसेंबर २०१० मध्ये परवानगी मिळाली. त्याच्या विषारीपणाबद्दल अनेक शास्त्रज्ञांनी आणि शेतमजुरांच्या संघटनांनी तीव्र आक्षेप घेतले. २०१२ साली उत्पादक कंपनीने ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतले.

झाकलेले रोग उघडे पडतात

मिथिल ब्रोमाइड कमी होऊ लागले आणि दक्षिण कॅलिफोर्नियातील शेतांत रोपे मरू लागली. ही मर व्हर्टिसिलियमसारखीच दिसे, पण मुळांतून व्हर्टिसिलियम निघेना. तपासणीअंती दोन बुरश्या सापडल्या. २००५ च्या सुमारास 'मॅक्रोफोमिना फॅसिओलिना' आणि २००६ साली 'फ्युझेरियम ऑक्सिस्पोरम' या बुरशीचा स्ट्रॉबेरीवर जगणारा प्रकार. काही वर्षांतच दोन्ही राज्यभरातील स्ट्रॉबेरीच्या पट्ट्यांत पसरल्या.

या दोन्ही नावांनी आपण दचकायला हवे, कारण ही आपल्या घरची माणसे आहेत! रब्बी ज्वारीची ताटे दाणे भरण्याच्या वेळी पोकळ होऊन कोसळतात, त्या 'खडखड्या' रोगाचे कारण म्हणजे हीच मॅक्रोफोमिना. आणि हरभऱ्याची मर होते ती फ्युझेरियम ऑक्सिस्पोरमच्या दुसऱ्या एका प्रकारामुळे. हरभऱ्यावरचा प्रकार स्ट्रॉबेरीला आणि स्ट्रॉबेरीवरचा हरभऱ्याला सहसा त्रास देत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोघे सारखेच दिसतात. म्हणून आज त्यांची ओळख पटविण्यासाठी डीएनएच्या चाचण्या वापराव्या लागतात.

आता मर करणाऱ्या तीन बुरश्या झाल्या आणि तिघींची वरची लक्षणे जवळपास एकच. तिघींवर एकच उपाय चालला असता तर ओळखीचा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. कॅलिफोर्नियात काम करणारे भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ कृष्णा सुब्बाराव यांनी दाखवून दिले, की ब्रोकोली घेऊन तिचे अवशेष मातीत गाडले तर व्हर्टिसिलियमचे गोळे लक्षणीय घटतात. त्याऐवजी सॅलड घेतले तर ते वाढू शकतात, कारण सॅलड हा त्या बुरशीचा यजमान आहे.

दुसरी एक पद्धत जपान आणि नेदरलंड्समध्ये विकसित झाली. मातीत भाताचा कोंडा किंवा मळी मिसळायची, भरपूर पाणी द्यायचे आणि वर प्लॅस्टिक अंथरायचे. आतला प्राणवायू संपतो, प्राणवायूविना जगणारे जिवाणू कोंडा आंबवतात, आम्ले तयार होतात आणि रोगजंतू मरतात. विषारी वायू नाही, ओझोनला धोका नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर व्हर्टिसिलियमविरुद्ध ही पद्धत चांगली उपयोगी पडली. पण माती पुरेशी तापलेली नसेल, तर फ्युझेरियम त्याच कोंड्यावर पोसून उलट वाढू शकते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे अन्न! मातीत कोण आहे हे न पाहता कोंडा टाकणारा शेतकरी स्वतःच्या खर्चाने शत्रूला जेवू घालेल.

पैदासकारही जुन्या प्रश्नाकडे परतले. २०१८ साली डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गटाने फ्युझेरियमला दाद न देणारे एक प्रभावी जनुक शोधल्याचे प्रसिद्ध केले. काही प्रचलित वाणांत ते आधीपासूनच होते. वायूने माती स्वच्छ असताना ते कोणाच्या लक्षातही आले नव्हते. अलीकडे त्या जनुकावर मात करणारा फ्युझेरियमचा वंशही कॅलिफोर्नियात आढळला आहे. म्हणजे कुलूप आणि किल्लीचा स्कॉटलंडमधला खेळ येथे नव्याने सुरू झाला आहे.

आपल्या शेतात आणि वर्गात

महाबळेश्वर, पाचगणी आणि वाईच्या परिसरात स्ट्रॉबेरी हे आज अनेक कुटुंबांचे पीक आहे. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे लावले गेलेले 'कॅमारोझा', 'स्वीट चार्ली', 'विंटर डॉन' हे वाण अमेरिकन विद्यापीठांचे. मातृरोपे परदेशातून आणून त्यांच्या रनरपासून रोपे तयार केली जातात. लॅनार्कशरचा रोग रोपांबरोबर फिरला, हे आठवले की या मार्गावर तपासणीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पाण्याचा निचरा होणारे गादीवाफे, खात्रीची रोपे, एकाच जागी दरवर्षी तेच पीक न घेणे आणि आजारी रोप मुळासकट काढून तपासणीला पाठविणे, ही चार पथ्ये शंभर वर्षांच्या अनुभवातून आली आहेत. कुठल्याही औषधाच्या बाटलीआधी त्यांचा विचार व्हावा.

शिक्षकांना हा विषय वर्गात नेण्यासाठी स्ट्रॉबेरीच हवी असे नाही. हिवाळ्यात हरभऱ्याचे एक सुकू लागलेले आणि एक निरोगी रोप मुळासकट, भोवतालच्या मातीसह खणून आणावे. ओढून उपटले तर बारीक मुळे तुटतात. मुळे पाण्यात हलक्या हाताने धुऊन पांढऱ्या कागदावर शेजारी-शेजारी ठेवावीत. उपमुळांची झालर कोणाला आहे, कोणाला नाही, हे विद्यार्थ्यांना लिहून काढू द्यावे. मग शिक्षकांनी मुळे उभी चिरावीत. आजारी रोपात नलिकांच्या जागी तपकिरी रेघ दिसली तर तिचे चित्र काढून घ्यावे. मुळाचे काही तुकडे ओल्या टिपकागदावर झाकून ठेवले, की तीन-चार दिवसांत त्यांवर बुरशी दिसेल. निरोगी रोपाच्या मुळांचे तुकडेही तसेच ठेवावेत, कारण बुरशी त्यांच्यावरही येते. झाकण न उघडता भिंगातून पाहावे आणि काम संपल्यावर सर्व साहित्य उकळत्या पाण्यात टाकून मग फेकावे.

दोन्हीकडे बुरशी आली की एखादा विद्यार्थी विचारेल, "मग रोप मारले ते कोणत्या बुरशीने?" त्याला लगेच उत्तर देऊ नये. ते कसे शोधता येईल, हे वर्गालाच ठरवू द्यावे. आल्कॉकबाईंपुढेही नेमका हाच प्रश्न होता.

आमच्याकडे येणाऱ्या शेतकऱ्यांना आता आम्ही निरोपच धाडतो, "रोप आणा ते मुळासकट आणि मातीसकट." काही जण आणू लागले आहेत. गेल्या हंगामात एक जण शाळकरी मुलाला घेऊन आले होते. रोप कागदात नीट गुंडाळलेले, मुळांभोवती ओली माती तशीच. "पोरानेच खणून काढले," ते म्हणाले, "मास्तरांनी सांगितलंय म्हणे, ओढायचं नाही."